म्हातारा, घोडेस्वार आणि झांज

"पुन्हा लाव," भाई म्हणाले. "आणि या वेळी झांज नाही हे सांगू नकोस. शिखराच्या आधी व्हायोलिनं काय करतात ते सांग."

मी पिन उचलली, अंदाजाने दोन बोटं मागे नेली आणि अलगद सोडली. रविवारची दुपार होती. गॅसवर डाळ होती, तिची शिट्टी व्हायची बाकी होती, आणि मी तीच चार मिनिटं सहाव्यांदा ऐकत होते.

"चढतात," मी म्हणाले.

"चढतात हे स्वरलिपीतही लिहिलंय. कशी चढतात?"

"जिना चढल्यासारखी. प्रत्येक पायरीवर थोडी थांबून."

"आणि घोडेस्वाराची?"

"तो थांबत नाही. त्याची व्हायोलिनं वर पोचल्यावरच श्वास घेतात."

भाईंनी समाधानाने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. माझ्या वडिलांना, रघुवीर तळपद्यांना, आम्ही भाई म्हणायचो. ते कस्टम्समध्ये अप्रेझर होते, आलेल्या मालाची किंमत ठरवणारे. बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांशी गप्पा मारता मारता त्यांना पाश्चात्त्य संगीताचा नाद लागला, आणि त्यातही ब्रुकनर या एकाच ऑस्ट्रियन संगीतकाराचा. शंभरएक वर्षांपूर्वी होऊन गेलेला हा माणूस. त्याची एकेक सिंफनी तासाभराची. खारच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकट्या सातव्या सिंफनीच्या अकरा रेकॉर्डी होत्या. अकरा कंडक्टर, रचना तीच. एकच बंदिश अकरा गवयांकडून ऐकावी, तसं ते भाईंना वाटायचं. कोण कुठे रेंगाळतो, कोण कुठे धावतो, यावर ते मुंबईतल्या एका श्रोतृमंडळाच्या मासिक पत्रिकेत लेख लिहीत, आणि त्या मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

त्या अकरांपैकी दोघांवर त्यांचा विशेष जीव. त्यांची नावं आमच्या घरात कोणी घेत नसे. एक होता 'म्हातारा', सगळ्यांत संथ. दुसरा 'घोडेस्वार'. दोघांतला मोठा फरक सातव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात होता. तो भाग अतिशय विलंबित चालतो, हळूहळू चढत जातो, आणि शिखरावर पोचल्यावर एकदाच, सबंध सिंफनीत एकदाच, झांज वाजते. पण ती झांज ब्रुकनरच्या मनात खरोखर होती की कोणी नंतर त्याच्या गळी उतरवली, यावर जाणकारांत वाद आहे. म्हणून काही कंडक्टर झांज वाजवतात, काही वाजवत नाहीत. घोडेस्वार वाजवायचा. म्हातारा नाही.

ही सगळी सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी चौतीस वर्षांची होते. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाचा विषय आईबरोबरच घरातून गेला होता आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं.

ऐकून सांगण्याचा हा प्रकार आदल्या वर्षीच्या गणपतीनंतर सुरू झाला. भाई म्हणाले, "हेमांगी, तुझा कान तयार करायचाय मला. तू काय ऐकलंस ते सांगायचं, मी पडताळून बघतो." मला त्याचं अप्रूप वाटलं. आयुष्यभर त्यांनी मला रेकॉर्डींच्या कपाटाजवळ फिरकू दिलं नव्हतं. मग रोज कॉलेजातून आल्यावर तासभर, रविवारी चार तास. मी सांगायचे, ते लिहायचे. कधीकधी म्हणायचे, "छे, नीट ऐक," आणि मी पुन्हा ऐकायचे. माझं पुटपुटणं त्यांना चालत नसे. "तोंडाकडे बघून बोलत जा. खाली मान घालून बोलायची ही सवय वाईट," असं सारखं बजावायचे.

जुलैतल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर म्हाताऱ्याची रेकॉर्ड चालू होती. मध्येच आवाज बंद झाला. मला वाटलं बाजू संपली. हात पुसत बाहेर आले तर तबकडी फिरत होती, पिन तिच्यावर होती, आणि अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला होता. फ्यूज गेला होता. भाई आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरून हलत होता. मध्येच तो हात हळूच वर उचलला गेला, हवेत थांबला, आणि खाली आला.

घरात फक्त तबकडीची घासघास होती.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं. मग अगदी नेहमीच्या स्वरात म्हणाले, "बघितलंस, चेलो कसे उतरले ते?"

"हो," मी म्हणाले.

त्या एका 'हो'मध्ये मी अडकले. त्याच क्षणी बोलले असते तर बोलले असते. संध्याकाळी बोलणं दुपारपेक्षा अवघड होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड. फ्यूज मी गुपचूप बदलला. मग एकेक गोष्ट जुळत गेली. फोन मीच का घ्यायचा, दाराची बेल मीच का ऐकायची, त्यांच्या पाठीमागून कोणी बोललं की त्याला 'बावळट' का ठरवायचं. लेख पत्रिकेत येत राहिले. 'तळपदे अजून काय ऐकतात हो!' असं लोक म्हणत. ऐकत होते मी. त्यांच्याकडे भाषा होती, आठवणीतली सिंफनी होती, आणि मनगटावरचं घड्याळ. कुठली रेकॉर्ड कितव्या मिनिटाला कुठे पोचते, हे त्यांना पाठ होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर मला कोइमतूरहून पत्र आलं. तिथल्या एका वनस्पती संग्रहालयात माझी निवड झाली होती. पश्चिम घाटातली नेची गोळा करायची, ओळखायची, नोंदवायची. नेची म्हणजे फुलं न येणारी ती पानाळ झुडपं. त्यांच्यावरच मी पीएच.डी. केली होती आणि नंतर दहा वर्षं पोरांना पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या काढून दाखवत होते. दहा डिसेंबरच्या आत रुजू व्हायचं होतं. पत्र मी पर्समध्ये ठेवलं आणि रोज कॉलेजला नेऊन परत आणलं.

भाईंना काय सांगणार? 'तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला जाता येत नाही' असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांना ऐकू येत होतं. आणि ऐकू येतंय असं धरून सरळ निघून जायचं, तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं पितळ उघडं पडणार होतं. एकदा फोन वाजायचा अवकाश. दोन्हीकडून दार बंद होतं आणि कडी मीच लावली होती.

अठ्ठावीस नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, धोबीतलावच्या एका जुन्या सभागृहात भाईंचं व्याख्यान ठरलं. विषय हाच, सातव्या सिंफनीचे दोन कंडक्टर. मंडळाचे चिटणीस होते जाल पंथकी. आम्ही त्यांना जालकाका म्हणायचो. पियानो सुरात लावायचा त्यांचा धंदा, साठी उलटलेली, आणि कान असा की रस्त्यावरून गेलेल्या मोटारीच्या हॉर्नचा सूर सांगायचे.

"डिकरी, तू रेकॉर्ड लावशील ने?" जालकाकांनी आल्या आल्या विचारलं. "माझे हात आता हलते. पिन पडली तर तुझा बाप मला ठार मारेल."

स्टेजच्या डाव्या अंगाला टेबलावर रेकॉर्ड-प्लेअर होता. मी त्याच्यामागे बसले, शेजारी जालकाका. समोर पन्नासेक माणसं. पारशी, गोव्याकडचे ख्रिस्ती, आमचे काही पाठारे प्रभू, दोन-तीन कॉलेजची मुलं. भाई करड्या सुटात उभे होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ताठ. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, आणि पहिल्याच दोन मिनिटांत म्हणाले:

"आज ही केवळ सुरुवात आहे. जानेवारीपासून दर महिन्याला एक व्याख्यान. ब्रुकनरच्या सगळ्या सिंफन्या, आणि प्रत्येकीचे निदान दोन कंडक्टर. दोन वर्षं लागतील. पण माझी मुलगी आणि मी, आम्ही दोघं समर्थ आहोत."

टाळ्या झाल्या. काही जणांनी माझ्याकडे बघून कौतुकाने माना डोलावल्या. मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले. मला त्यांनी विचारलंही नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आधी घोडेस्वार लावायचा होता, दुसऱ्या भागाची शेवटची अकरा मिनिटं. मी लावला. ठरल्याप्रमाणे पाचव्या मिनिटाला शिखर आलं, झांज कडाडली, आणि घड्याळाकडे ओझरतं बघून भाईंनी बरोबर त्या क्षणी बोट वर केलं. समोरची माणसं भारावली. रेकॉर्ड संपल्यावर भाई बोलायला लागले.

"आता म्हातारा ऐका. इथे घाई नाही. शिखर दोन मिनिटं उशिरा येईल, आणि तिथे पोचल्यावर तो झांज वाजवणार नाही. सगळ्यांना वाटत असतं आता वाजेल, आता वाजेल, आणि तो नुसता प्रकाश पडू देतो. माझ्या मते ब्रुकनरला हेच हवं होतं. मी हात वर करीन तेव्हा लक्ष द्या."

मी टेबलाकडे वळले. मला आठवतं त्याप्रमाणे मी घोडेस्वाराची रेकॉर्ड काढली, बाजूला ठेवली, आणि दुसरी उचलली. डोक्यात ती दोन वर्षं गरगरत होती. चोवीस महिने, चोवीस व्याख्यानं, आणि त्यांच्या आधीचे सगळे रविवार. दोन्ही तबकड्यांची लेबलं निळी होती. मी पिन ठेवली.

दुसऱ्याच सुराला मला कळलं. घोडेस्वार होता. मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली होती.

पिन उचलायला काय लागतं? 'माफ करा' म्हणायचं आणि उचलायची. माझा हात तिच्यावरच होता. जालकाकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही दुसऱ्याच सुराला कळलं होतं. मी भाईंकडे बघितलं. ते घड्याळ मनगटावर नीट फिरवून, चेहऱ्यावर एक हळवा भाव आणून उभे होते.

मी हात काढून घेतला.

पहिली दोन-तीन मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीकडे वळल्या. कॉलेजची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. व्हायोलिनं न थांबता चढली, वर पोचली, आणि झांज वाजली. सगळं सभागृह दणाणलं. भाई घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या पापणीनेसुद्धा दखल घेतली नाही.

मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी "शुक्" केलं.

शिखरानंतर त्या रचनेत एक शोकाचा भाग येतो. सगळा गजबजाट ओसरतो आणि थोडीशी पितळी वाद्यं, खालच्या सुरात, जड जड चालत राहतात. ते चालू असताना, सातव्या मिनिटाला, भाईंनी दोन्ही हात वर केले. डोळे मिटले. चेहरा वर केला. त्यांच्यावर प्रकाश पडत होता, फक्त त्यांच्यावर. आम्ही पन्नास माणसं खाली शोकाजवळ बसलो होतो. ते हात किती वेळ वर होते! पंधरा सेकंद असतील. आज एकोणचाळीस वर्षांनी मला ते पंधरा सेकंद अजून संपलेले वाटत नाहीत.

त्यांनी डोळे उघडले आणि माणसांचे चेहरे बघितले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान खाली घातली होती. भाईंचे हात हळूहळू उतरले. ते चालत टेबलाजवळ आले, फिरत्या तबकडीवर वाकले, आणि फिरतं लेबल वाचता येईना म्हणून बोटाने तिला थांबवलं. पिन किंचाळली. ते त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. लेबल वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

मग ते परत स्टेजच्या मध्यभागी गेले.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," ते म्हणाले, "गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून मला काही ऐकू येत नाही. थोडं नाही, काहीच नाही. त्यानंतरचे माझे सगळे लेख माझ्या मुलीने ऐकलेले आहेत. मी फक्त व्याकरण बघितलं. तुम्हाला फसवलं, माफी मागतो. जानेवारीचं व्याख्यान होणार नाही."

आणि खुर्चीवर बसले.

जालकाका उठले. घसा खाकरून म्हणाले, "चहा तयार आहे," आणि माणसं हायसं वाटल्यासारखी खुर्च्या सरकवत उठली. त्या पुढच्या रांगेतल्या बाई मात्र आधी भाईंकडे गेल्या. त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ मोठे करून काहीतरी बोलल्या. भाईंनी ते वाचलं आणि बसल्या जागेवरून किंचित लवले.

मी रेकॉर्डी पाकिटात भरत होते. जालकाका माझ्या कानाशी वाकले.

"चाळीस वर्षं मी पियानो लावतो, डिकरी. कोणाची चूक होते आणि कोण चूक राहू देते, मला समजते."

"तुम्हाला भाईंचं माहीत होतं?" मी विचारलं.

"एक वरस झाला. मी त्याच्या मागे उभा राहून त्याला शिवी दिली होती, मोठ्याने. तो हलला नाही." ते थांबले. "पण मी पण उचलली नाही ने पिन. तू एकलीच नाय."

टॅक्सीत भाई खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी तोंड फिरवलं की संभाषण बंद, हे मला जुलैपासून ठाऊक होतं. धोबीतलाव ते खार, सबंध रस्ता, मांडीवर रेकॉर्डींचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. मानेवरचे केस वाढले होते. न्हाव्याकडे न्यायला हवं, असं मनात आलं, आणि त्याच वेळी मला स्वतःची इतकी किळस आली की मी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा दिवा लावला. एक खुर्ची दिव्यासमोर ओढली.

"इथे बस. उजेडात," ते म्हणाले. "मला तुझं तोंड दिसलं पाहिजे."

मी बसले. ते समोर बसले.

"मुद्दाम केलंस?"

"लावताना चुकलं," मी म्हणाले. "पण लगेच कळलं मला. उचलली नाही ती मुद्दाम."

त्यांनी ते नीट वाचलं. "बहिरेपण कधीपासून माहीत आहे?"

"जुलैपासून. फ्यूज गेला होता. आवाज बंद होता आणि तुम्ही ऐकत होता."

"चार महिने. आणि बोलली नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात."

भाई बोटांनी टेबलावरची एक जुनी चीर चाचपत होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, मी कबूल केलं तर तू दया म्हणून ऐकशील. दया म्हणून कोणी नीट ऐकत नाही. तू शिकतेयस असं वाटलं, तर नीट ऐकशील." बोट चिरेवर थांबलं. "आणि मला ते हवं होतं. दुसरं काही उरलं नव्हतं, हेमांगी. तू सांगायचीस आणि मला ऐकू यायचं. खरंच यायचं."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी पर्स उघडली आणि ते पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, पत्र उलगडलं, एकदा वाचलं, मग तारखा बघायला पुन्हा वाचलं. सरकारी कागद वाचायची त्यांची कस्टम्समधली जुनी पद्धत होती ती.

"पंधरा दिवस झाले याला."

"हो."

"दहा तारखेच्या आत म्हणजे तिकीट उद्याच काढायला हवं." ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. "दाराच्या बेलला दिवा जोडून मिळतो. जाल मागे एकदा म्हणाला होता. तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. स्वयंपाकाला बाई ठेवू. बाकी मी बघीन."

"भाई, आज जे झालं—"

"आज जे केलंस ते वाईट केलंस," त्यांनी मला मध्येच तोडलं. "पन्नास माणसांत केलंस. ते मी विसरणार नाही, आणि विसरलो असं खोटं सांगणारही नाही. पण माझ्याच्याने ते कधी थांबवलं गेलं नसतं. दोन्ही खरं आहे. आता त्याच्यावर बोलायचं नाही."

मी मान हलवली. खाली रस्त्यावर कोणी भाजीवाला ओरडत होता. आमच्या घरात ते मलाच ऐकू येत होतं, आणि पहिल्यांदाच ते लपवावं लागत नव्हतं.

थोड्या वेळाने भाई म्हणाले, "एक विचारू? इतके दिवस विचारलंच नाही. तुला स्वतःला कोण आवडतो? म्हातारा की घोडेस्वार?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी आणखी एक खोटं सहज खपलं असतं.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मला ब्रुकनरच आवडत नाही, भाई."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आपण ओठ चुकीचे वाचले असं त्यांना वाटलं असावं. "पुन्हा बोल. हळू."

"मला. ब्रुकनर. आवडत नाही. पहिल्या दिवसापासून. फार लांबण लावतो तो."

भाई माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून काहीतरी वर येऊ लागलं. मला वाटलं खोकला. पण ते हसू होतं. सव्वा वर्ष त्यांनी स्वतःचं हसू ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याला मापच नव्हतं. प्रचंड, ओबडधोबड, भिंतींवर आदळणारं हसू. टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसत सुटले. मध्येच श्वास घेऊन "सहाशे तास!" म्हणाले, आणि पुन्हा हसले. शेवटी शेजारच्या कोठारेबाई घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या आणि काय झालं, काय झालं म्हणून दार बडवू लागल्या. मी काही उठले नाही. मीही हसत होते, आणि दार वाजतंय हे भाईंना खुणेने सांगत होते.